बोटावरचा आकडा आणि डोक्यातलं भान

एप्रिल 2021. महाराष्ट्रात जिकडेतिकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. टँकर कुठवर आला, सिलिंडर किती उरले, एवढीच चौकशी जो तो करत होता. त्या दिवसांत राज्याच्या वायव्य टोकावरच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव अचानक सगळ्यांच्या तोंडी आलं. कुपोषणाच्या बातम्यांपुरता ज्याचा उल्लेख व्हायचा, त्या आदिवासी जिल्ह्यात ऑक्सिजन होता.

जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले, मुंबईच्या केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. दुसरी लाट येणार हे धरून त्यांच्या प्रशासनाने सप्टेंबर 2020 मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा, मिनिटाला 600 लिटर क्षमतेचा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढे आणखी प्रकल्प जोडले. याच जिल्ह्यातून ‘ऑक्सिजन नर्स’ ही कल्पनाही पुढे आली. ठरावीक खाटांमागे एक परिचारिका, आणि तिचं काम एकच: कुणाला किती ऑक्सिजन लागतो, किती सुटतो आहे, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा काय सांगतो हे पाहत राहायचं. दोन लिटरवर भागणाऱ्याला सहा लिटर जाऊ नये, रुग्ण जेवायला किंवा शौचाला उठला तर मास्कमधून वायू वाया जाऊ नये, आणि ज्याचा आकडा खरोखरच उतरतो आहे तो नजरेतून सुटू नये. पुढे राज्य सरकारने ही पद्धत इतर जिल्ह्यांपुढेही ठेवली.

यंत्रं सगळीकडे विकत मिळतात. आकड्यावरून नजर न हलवणारं माणूस मात्र मुद्दाम नेमावं लागतं. शस्त्रक्रियागृहात हे काम भूलतज्ज्ञ करतो, आणि ते सर्वांत अवघड होतं छातीच्या शस्त्रक्रियेत. कारण त्या शस्त्रक्रियेत डॉक्टर रुग्णाचं एक फुफ्फुस मुद्दाम बंद करतात.

हे ऐकूनच नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पण त्याला इलाज नसतो. फुफ्फुस सतत फुगत आणि आकसत असतं. हलत्या फुफ्फुसावर रक्तवाहिन्या शोधून बांधणं, टीबीने कुजलेला भाग काढणं किंवा पू साचून चामड्यासारखं झालेलं आवरण सोलणं फार धोक्याचं असतं. त्यामुळे एका कुशीवर झोपवलेल्या रुग्णाचं वरच्या बाजूचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बाजूचं फुफ्फुस हवा काढून शांत करतात आणि खालच्या एकट्या फुफ्फुसावर सारा देह तास, दोन तास, कधी चार तास चालवतात.

त्यासाठी श्वासनळीत घालायची नळी दुहेरी असते. तिच्या आत दोन वाटा असतात, एक डाव्या फुफ्फुसाची आणि एक उजव्याची. वाट बंद करायची ती चिमट्याने बंद करतात. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी 1949 मध्ये अशी नळी प्रथम फुफ्फुसांची तपासणी वेगवेगळी करता यावी म्हणून वापरली. शस्त्रक्रियेसाठी तिचा उपयोग लगेचच सुरू झाला. 1962 मध्ये इंग्लंडच्या फ्रँक रॉबर्टशॉ यांनी तिच्यात सुधारणा केली. आजच्या प्लास्टिकच्या नळ्या याच घराण्यातल्या. त्याआधी छाती उघडणं म्हणजे जवळजवळ मरणच, कारण छातीत बाहेरची हवा शिरली की फुफ्फुस फुग्यासारखं बसतं. 1904 मध्ये ब्रेस्लाऊला फर्डिनांड सावरब्रुख यांनी त्यावर काढलेला तोडगा आज चकित करतो. त्यांनी अख्खी खोलीच कमी दाबाची बनवली होती. रुग्णाचं धड आणि शल्यचिकित्सक खोलीत, रुग्णाचं डोकं भिंतीच्या भोकातून बाहेर.

दुहेरी नळी नेमकी जागेवर बसणं हीच अर्धी लढाई. उजव्या बाजूची मोठी श्वासनलिका आखूड असते, फाट्यापासून सुमारे दोन सेंटिमीटरवरच तिची वरच्या खंडाकडे जाणारी फांदी फुटते. तिथे नळी थोडी पुढे सरकली तरी तो खंड बंद पडतो. त्यामुळे बहुतेक वेळा डावीकडे बसणारी नळी निवडतात आणि बारीक दुर्बिणीने आत पाहून तिची जागा पक्की करतात. रुग्णाला कुशीवर वळवताना ती हलू शकते, म्हणून वळवल्यावर पुन्हा पाहतात. हे दुसऱ्यांदा पाहणं वाचवावं असं कुणालाही वाटेल; वाचवू नये.

एक फुफ्फुस बंद झालं तरी त्यातून रक्त वाहायचं थांबत नाही. हे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. हिशेबाने निम्मं रक्त असं कोरडं परतायला हवं, पण शरीराजवळ स्वतःची एक शहाणी व्यवस्था आहे: फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे वळतं. 1946 मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलजेस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. शिवाय कुशीवर झोपल्याने रक्ताचा ओढा खालच्या, चालू फुफ्फुसाकडे अधिक असतो. तरीही रक्ताचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, ऑक्सिजनविना फिरत राहतो. तेव्हा बोटावरचा आकडा घसरतो, यंत्राचा सूर बदलतो आणि भूलतज्ज्ञ भराभर एकेक उपाय करत जातो. ऑक्सिजन वाढवायचा, दुर्बीण घालून नळी पाहायची, खालच्या फुफ्फुसाला श्वासाच्या शेवटी थोडा दाब ठेवून उघडं राखायचं, वरच्या फुफ्फुसात हलका ऑक्सिजन सोडायचा. एवढं करून भागलं नाही तर शल्यचिकित्सकाला सांगायचं, ‘दोन मिनिटं थांबा’, आणि दोन्ही फुफ्फुसं फुगवून घ्यायची.

आता मेंदूकडे वळू.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आराम करतानाही शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा घेतो. उद्यासाठी साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. तेव्हा प्रश्न सरळ पडतो: एका फुफ्फुसावर घालवलेल्या त्या दोन तासांचा हिशेब मेंदू नंतर मागतो का?

घरोघरी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. ऑपरेशन चांगलं झालं, जखम भरली, पण बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत. एकाच गोष्टीची चौकशी दोनदा करतात. बियाण्याचा हिशेब जमत नाही. रात्री उठून ‘माझी बैलं कुठं बांधली?’ असं विचारतात, बैल विकून आठ वर्षं झालेली असताना. 1955 मध्ये इंग्लंडच्या पी. डी. बेडफर्ड यांनी भूल दिलेल्या वृद्धांविषयी ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, त्याच्या मुळाशी नातेवाइकांची अशीच तक्रार होती. डॉक्टरांनी फार दिवस ती मनावर घेतली नाही, हे खेदाने म्हणावं लागतं. जखम दिसते, क्ष-किरणात फुफ्फुस दिसतं. बियाण्याचा चुकलेला हिशेब कोणत्याच तपासणीत दिसत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-चार दिवसांत माणूस बरळतो, नळ्या ओढतो, नाही ते पाहतो, किंवा उलट गप्प पडून राहतो आणि हाकेला ओ देत नाही, तो भ्रम. आपल्याकडे जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणतात. गप्प पडून राहण्याचा प्रकार जास्त फसवा, कारण ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून सगळे निघून जातात. दुसरी गोष्ट हळू चालीची: आठवडे किंवा महिने रेंगाळणारी विस्मृती, लक्ष न लागणं, विचार मंदावणं. 2018 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या सगळ्यांना एका छत्राखाली आणून नावं ठरवली, ती मुख्यतः या हेतूने की भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ एकाच भाषेत बोलावेत.

छातीच्या शस्त्रक्रियेत मेंदूपर्यंत किती ऑक्सिजन पोचतो हे थेट पाहण्याचं साधन 1977 पासून माहीत आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की तांबड्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश कवटीच्या हाडातून आरपार जातो आणि परतलेल्या प्रकाशावरून आतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो. कपाळावर दोन चिकटपट्ट्या लावल्या की काम झालं. मॉन्ट्रियलमधल्या एका गटाने हे साधन छातीच्या शस्त्रक्रियांत वापरलं आणि 2012 मध्ये 76 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर तीन तासांनी त्यातल्या जवळपास 30 टक्के रुग्णांचे बुद्धीच्या साध्या चाचणीतले गुण उतरले होते. दुसऱ्या दिवशी हा आकडा बराच खाली आला. मेंदूतला ऑक्सिजन 65 टक्क्यांखाली ज्यांचा जास्त वेळ राहिला, त्यांना गुण गमावण्याचा धोका जास्त. आणि मेंदूतली ही घसरण बोटावरच्या आकड्यावरून ओळखता येईलच असं नव्हतं. बोट चांगलं म्हणत असताना कपाळ वेगळं सांगत होतं.

असं का व्हावं? बोटाचं यंत्र फक्त सांगतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या किती जागा ऑक्सिजनने भरल्या आहेत. मेंदूपर्यंत रक्त किती पोचतं, हे ते सांगत नाही. आणि इथे श्वासाची दुसरी बाजू येते, तिची चर्चा फार कमी होते: कार्बन डायऑक्साइड. हा टाकाऊ वायू मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा नळच आहे. कृत्रिम श्वासाचं यंत्र गरजेपेक्षा जास्त जोरात चाललं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या वाहिन्या आवळतात आणि मेंदूकडे जाणारं रक्त घटतं. त्याच वेळी बोटावर 100 चमकत असतो. म्हणून चांगला भूलतज्ज्ञ एका फुफ्फुसावर श्वास चालू असताना हा वायू थोडा चढू देतो, पण उतरू देत नाही. रक्तदाब घसरू देत नाही. दोन्हीपैकी एक जरी हातातून गेलं तरी ऑक्सिजन फुफ्फुसात येऊनही मेंदूपर्यंत पुरेसा पोचत नाही.

तिसरी गोष्ट आहे जोराची. पूर्वी एका फुफ्फुसातही दोन फुफ्फुसांइतकी हवा भरायची पद्धत होती. 2000 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने, ती अतिदक्षता विभागातल्या आजारी फुफ्फुसांवर होती, लहान श्वासाचं महत्त्व सिद्ध केलं: किलोमागे 12 मिलिलिटरऐवजी 6 मिलिलिटर दिल्यावर मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. छातीच्या शस्त्रक्रियेत आज एका फुफ्फुसासाठी किलोमागे 4 ते 6 मिलिलिटर इतकाच श्वास योग्य मानतात, आणि वजन धरतात ते उंचीवरून काढलेलं. फुफ्फुस ताणलं की ते सुजतं, सुजेची रसायनं रक्तात उतरतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की ही सूज मेंदूच्या संरक्षक भिंतीपलीकडे जाऊन स्मृतीच्या भागात गडबड करते. बंद ठेवलेलं फुफ्फुस पुन्हा फुगवतानाही रसायनांचा असाच लोंढा सुटतो. तेव्हा ते हळूहळू, सांभाळून फुगवायचं असतं.

पुरावा इतका सरळ असता तर काम सोपं झालं असतं. पण 1998 मध्ये लान्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासाने सगळ्यांना थबकवलं. वेगवेगळ्या देशांतल्या साठीपुढच्या 1218 रुग्णांवर छातीच्या आणि पोटाच्या वगैरे मोठ्या शस्त्रक्रियांनंतर लक्ष ठेवलं होतं. आठवड्यानंतर 25.8 टक्क्यांमध्ये आणि तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांमध्ये बुद्धीची घसरण दिसली. आणि ज्यावर संशय होता, त्या कमी ऑक्सिजनचा आणि कमी रक्तदाबाचा या घसरणीशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो वयाचा, भूल किती लांबली याचा, शिक्षण कमी असण्याचा, दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, जंतुसंसर्गाचा आणि शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या श्वसनाच्या गुंतागुंतींचा.

शेवटचा मुद्दा नीट पाहावा असा आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या दोन तासांपेक्षा नंतरचे पाच दिवस मेंदूला जास्त महागात पडू शकतात. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर बरगड्यांमधली जखम इतकी दुखते की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, न्यूमोनिया होतो. पाठीत बारीक नळी घालून किंवा मणक्याशेजारच्या नसा बधिर करून दुखणं थांबवणं म्हणजे चैन नव्हे. दुखलं नाही तर माणूस खोकतो, श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र ओढतो, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसतो. दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून शस्त्रक्रिया केली तर हे आणखी सोपं जातं.

आता नंदुरबारचा विचार करावा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांची मोठी वस्ती. अक्राणीत आणि नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर अजूनही रुग्ण झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो. सरदार सरोवराच्या पाण्यावर बोटीतून दवाखाना चालवावा लागला. 2020 मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी इथली माणसं धुळे, नाशिक, सुरत, मुंबईची वाट धरतात. गुजरातची हद्द लागूनच असल्याने सुरतेची वाट जवळची.

या माणसांच्या छातीचं दुखणं बहुतेक वेळा टीबीने मागे ठेवलेलं. आणि रक्ताची गोष्ट वेगळीच. एस. एल. काटे आणि डी. पी. लिंगोजवार यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्राच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओटकर समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्के आढळलं. सिकलसेलचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ यांच्या जोडीला नंदुरबार होतं.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे, तो समजून घ्यायलाच हवा. ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालं तो वाहक. त्याची शस्त्रक्रिया बहुधा निर्धोक होते. ज्याला दोघांकडून मिळालं तो रुग्ण. त्याच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला, अंग गार पडलं, पाणी कमी झालं किंवा रक्त आम्ल झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. एका फुफ्फुसावर श्वास चालवताना हेच सारं घडू शकतं. अशा रुग्णाचा मेंदू आधीच नाजूक असतो. या आजारात शाळकरी वयातच पुष्कळ मुलांच्या मेंदूत बाहेरून न कळणारे छोटे झटके येऊन गेलेले असतात. 2013 च्या एका चाचणीत सिकलसेलच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी रक्त दिल्यावर गुंतागुंत 39 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर उतरली. म्हणजे आधी तपासलं, आधी कळलं, तर करण्यासारखं पुष्कळ आहे. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं, त्यातून मिळणारं कार्ड घरात फोटोमागे न ठेवता दवाखान्याच्या पिशवीत ठेवावं, ते याचसाठी.

सिकलसेल नसला तरी पंडुरोग असतोच. इथे गणित साधं आहे. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतो. 15 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात साधारण 20 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. सात ग्रॅम असलेल्या बाईच्या रक्तात मावतो 9 मिलिलिटरच्या आसपास. दोघांच्याही बोटावर 100 टक्के दिसेल. एकाची गाडी भरलेली, दुसरीची गाडीच अर्धी. शस्त्रक्रियेला आठ-दहा आठवडे अवकाश असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन ही गाडी मोठी करता येते. मेंदूसाठी यापेक्षा स्वस्त औषध मिळणं कठीण.

बोटाच्या यंत्राबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ते शोधलं, त्याआधी भूलतज्ज्ञ ओठांचा आणि नखांचा रंग पाहून अंदाज बांधायचे. ज्या देशांत ते परवडत नव्हतं तिथल्या शस्त्रक्रियागृहांत पोचवण्यासाठी 2011 मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांत अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गावंडे आहेत. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीमागे गावंडे होते, तिच्यात भूल देण्याआधी हे यंत्र रुग्णाच्या बोटाला लावून चालू आहे का, हा प्रश्न आहे. पण 2020 मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र खरी घसरण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं. सिकलसेलच्या रुग्णांतही त्याचा आकडा पूर्ण भरवशाचा नसतो. उन्हात राबलेल्या सावळ्या हाताच्या बोटावर 94 दिसलं तर सातपुड्यातल्या डॉक्टरने धमनीतलं रक्त तपासून घ्यावं, एवढा सावधपणा यातून शिकण्यासारखा आहे.

आणि मग सर्वांत मोठी अडचण: बुद्धी मोजायची कशी? मॉन्ट्रियलच्या अभ्यासात वापरलेली 30 गुणांची चाचणी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात आज कोणती तारीख, कोणतं साल असे प्रश्न आहेत. 100 मधून सात-सात वजा करायला सांगतात. एक वाक्य लिहून दाखवायला सांगतात. तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली, कधी शाळेत न गेलेली, पावरी बोलणारी सत्तर वर्षांची आजी मुंबईच्या वॉर्डात यात किती गुण मिळवेल? शस्त्रक्रियेआधीही फार नाही. मग नंतर काही हरवलं की नाही, हे कळणार कसं? 1998 च्या अभ्यासात ‘शिक्षण कमी’ हा धोक्याचा घटक सापडला, त्यात मेंदूचा भाग किती आणि मोजपट्टीचा किती, हा प्रश्न इथे टोचतो.

ही अडचण भारतात काहींनी ओळखली होती. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, निरक्षर वृद्धांसाठी, 1995 मध्ये या चाचणीचं हिंदी रूप प्रसिद्ध झालं. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचं, सात-सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. किती साधी, किती माणसाची गोष्ट. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्यांसाठीही हाच रस्ता आहे. काठीच्या राजवाडी होळीला यंदा कोण कोण गेलं होतं, मोलगीचा बाजार कोणत्या वारी भरतो, मोहाची फुलं कोणत्या महिन्यात वेचतात: यातलं जे उत्तर कालपर्यंत ओठावर होतं ते आज अडखळतं का, हे पाहायचं. आणि ते नातवाइतकं अचूक कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधी काही गोष्टी विचारायला आणि काही सांगायला संकोच करू नये. रुग्णाला विसरण्याची सवय आधीपासून आहे का, हे सांगावं. रोज मोहाची दारू लागते का, हे खरं सांगावं. अचानक सुटलेल्या दारूनेही तिसऱ्या दिवशी भ्रम होतो आणि तो श्वासाच्या माथी मारला जातो. बिडी निदान चार आठवडे आधी सोडवावी. सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, एका फुफ्फुसावर श्वास चालवावा लागणार का, दुखणं थांबवण्यासाठी काय करणार, हे भूलतज्ज्ञाला विचारावं. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी रुग्णाला भेटतोच. ती भेट सहीपुरती राहू नये.

नंतरचं काम तर घरच्यांचंच. येल विद्यापीठातल्या शॅरन इनॉय यांनी 1999 मध्ये 852 वृद्ध रुग्णांवर दाखवलं की चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, रात्री झोपू देणं, दिवसा हलवणं, पाणी पाजणं, पुन्हा पुन्हा नाव घेऊन ‘तू कुठे आहेस’ ते सांगणं, एवढ्यावर भ्रमाचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर येतं. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, सर्वसाधारण वॉर्डातले होते. पण पुढे शस्त्रक्रियेच्या वॉर्डांनीही हीच रीत उचलली. औषधाची एक गोळीही त्यात नाही.

अक्राणीतल्या धडगावहून सुरतेला आलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी त्याची बोली बोलणारं एक माणूस रात्रभर बसू द्यावं, अशी मागणी त्यामुळे भावनेची राहत नाही, ती उपचाराची ठरते. भेटीच्या वेळा संपल्या म्हणून ज्याला बाहेर काढतात, तोच कदाचित पहाटे तीन वाजता पहिल्यांदा ओळखेल की आजोबा आज भलतंच बोलताहेत, आणि परिचारिकेला हाक मारेल. ती येऊन आधी बोटावरचा आकडा पाहील, मग श्वास मोजेल, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकेल, ताप पाहील, लघवी तुंबली आहे का ते पाहील, आणि ऑक्सिजनची नळी खाटेखाली दबून बंद तर नाही ना, हेही वाकून बघेल.